स्कॅनमध्ये बाळाच्या हृदयाचा, छातीचा किंवा पोटाच्या भिंतीचा दुर्मीळ दोष दिसला, तर पुढे काय करायचं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एक ओळ असते: ‘पोटाच्या पुढच्या भिंतीत बेंबीच्या वर दोष, त्यातून यकृत व आतडी बाहेर, हृदयाचं टोक पुढे आणि खाली झुकलेलं.’ ती वाचून आईवडील घरी येतात, मोबाइलवर शोधतात आणि समोर येणाऱ्या फोटोंनी डोळ्याला डोळा लागत नाही. हा लेख ती ओळ हातात असलेल्या कुटुंबासाठी आहे. पहिल्या स्कॅनपासून बाळ घरी येईपर्यंत आणि त्याही पुढे कधी काय करायचं, काय विचारायचं, हे क्रमाने सांगतो आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. जे बाहेरून दिसतं ते पाहून काळजाचं पाणी होतं, पण बाळाचं पुढे काय होणार हे मुख्यतः दोन आतल्या गोष्टी ठरवतात: हृदयाच्या आतली रचना आणि फुप्फुसांची वाढ. पोटाबाहेर आलेल्या अवयवांची मोठी पिशवी घेऊन जन्मलेलं बाळ शाळेत जाऊ शकतं, आणि लहानसा दोष वाटणाऱ्या बाळाचं हृदय आतून फार बिघडलेलं असू शकतं. म्हणून प्रत्येक भेटीत तुमचे प्रश्न याच दोन गोष्टींपाशी परत आणा.

पायरी १: नाव बाजूला ठेवा, थर समजून घ्या

गर्भ तिसऱ्या आठवड्यात एका चपट्या चकतीसारखा असतो. चौथ्या आठवड्यात ही चकती डोक्याकडून, शेपटाकडून आणि दोन्ही बाजूंनी आत दुमडते आणि पुढे मध्यरेषेवर बंद होते, कपड्याच्या दोन्ही कडा ओढून पुढे शिवल्यासारखी. हृदयाची सुरुवात डोक्याजवळ होते; ही घडी पडताना ते खाली छातीच्या जागी येतं. छातीचं मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, दोन वेगळ्या पट्ट्यांपासून बनतं. त्या वरून खालच्या दिशेने जुळत जातात आणि साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत एक होतात. ही शिवण जिथे अपुरी राहते, तिथे दोष राहतो.

यातला सर्वांत नाजूक काळ इतका लवकरचा असतो की बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. ‘मी जड उचललं म्हणून’, ‘मी ते खाल्लं म्हणून’ असं मनात येतंच. उचलण्याने किंवा एखाद्या दिवसाच्या खाण्याने ही घडी चुकत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, म्हणजे आईवरचा ठपका तिथेच मिटतो.

आता रिपोर्टवर येऊ शकणारी नावं बघू.

ऑम्फॅलोसील: बेंबीच्या जागी भिंत उघडी राहते आणि आतडी, कधी यकृतही, एका पातळ आवरणाच्या पिशवीत बाहेर येतात. नाळ त्या पिशवीवरच जोडलेली असते. काही हजार जन्मांमागे एक, इतकं हे आढळतं.

गॅस्ट्रोस्कायसिस: यात नाळ आपल्या जागी असते. तिच्या शेजारी, बहुधा उजवीकडे, छिद्र असतं आणि आतडी कोणत्याही आवरणाशिवाय गर्भजलात तरंगतात. हा दोष विशीच्या आतल्या मातांच्या बाळांत जास्त दिसतो. गुणसूत्रांशी त्याचा संबंध क्वचितच असतो आणि हृदय बहुतेकदा ठीक असतं. सगळ्या सोयी असलेल्या ठिकाणी नव्वद टक्क्यांहून जास्त बाळं वाचतात.

उरोस्थी न जुळणं: छातीच्या मध्ये हाडाऐवजी मऊ फट राहते. त्वचा असते, हृदय आपल्या जागीच असतं, पण प्रत्येक ठोका कातडीखाली दिसतो. दुर्मीळ दोषांपैकी हा तुलनेने दिलासा देणारा. मात्र बाळाच्या चेहऱ्यावर पहिल्या काही आठवड्यांत लाल डाग उमटून वाढू लागला, तर लगेच दाखवा. उरोस्थीची फट आणि चेहऱ्यावरचा रक्तवाहिन्यांचा डाग एकत्र असले तर मेंदूच्या रक्तवाहिन्या, डोळे आणि महाधमनी तपासावी लागते.

एक्टोपिया कॉर्डिस: हृदय पूर्णपणे किंवा अंशतः छातीच्या बाहेर. ते मानेत, छातीसमोर, छाती-पोटाच्या सीमेवर किंवा पोटात असू शकतं. कुठे आहे आणि त्यावर त्वचा आहे की नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

आणि पेंटॅलॉजी ऑफ कॅन्ट्रेल. जेम्स कॅन्ट्रेल, अॅलेक्स हॅलर आणि मार्क रॅविच या तीन शल्यविशारदांनी १९५८ मध्ये पाच दोषांचा हा संच एकत्र मांडला: बेंबीच्या वर पोटाच्या भिंतीतला दोष, उरोस्थीच्या खालच्या भागातला दोष, श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या) पुढच्या भागाची उणीव, त्याला लागून असलेल्या हृदयावरणाची उणीव, आणि हृदयाच्या आतला जन्मजात दोष. खोलगट छाती सरळ करण्याची एक जुनी शस्त्रक्रिया आजही ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते रॅविच हेच. साधारण ६५ हजार ते २ लाख जन्मांमागे एक बाळ, असा या संचाचा अंदाज दिला जातो.

पाचही दोष एकाच बाळात असतीलच असं नाही. म्हणूनच १९७२ मध्ये टोयामा यांनी तीन गट सुचवले: पाचही असतील तर निश्चित, हृदयातला आणि पोटाच्या भिंतीचा धरून चार असतील तर संभाव्य, आणि उरोस्थीच्या दोषासह अपुरा संच असेल तर अपूर्ण. तेव्हा डॉक्टर ‘कॅन्ट्रेल’ म्हणाले, तर पहिला प्रश्न असा: ‘पाचपैकी नक्की कोणते दिसले, कोणते नाहीत, आणि कोणते अजून दिसू शकत नाहीत?’ एका कागदावर त्वचा, स्नायू, हाड, श्वासपटल, हृदयावरण, हृदयाची आतली रचना असे सहा शब्द एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर उत्तर भरत जा. माझ्या मते जाडजूड फाइलपेक्षा हा एक कागद जास्त कामाचा, कारण पुढे भेटणारा प्रत्येक डॉक्टर याच क्रमाने विचार करणार असतो.

पायरी २: स्कॅनमधून नेमकं काय काढून घ्यायचं

पहिलं बघा, स्कॅन कितव्या आठवड्यात झाला. साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान प्रत्येक गर्भाची आतडी काही काळ नाळेच्या मुळाशी बाहेर असतात आणि मग आपोआप आत जातात. म्हणून दहाव्या आठवड्यात ‘आतडी बाहेर’ असं लिहून आलं, तर निर्णय न घेता बाराव्या आठवड्यानंतर पुन्हा पाहायचं. यकृताचं तसं नाही. ते कोणत्याही आठवड्यात बाहेर दिसलं, तर तो दोषच.

दुसरा प्रश्न, आवरण आहे का आणि नाळ कुठून निघते. एवढ्यावरून ऑम्फॅलोसील की गॅस्ट्रोस्कायसिस हे बहुधा स्पष्ट होतं, आणि पुढच्या तपासण्यांची दिशाच बदलते.

तिसरा प्रश्न, पिशवीत यकृत आहे का. इथे एक गोष्ट उलटी वाटेल. पिशवी लहान आणि आत फक्त आतडी असतील, तर गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता जास्त असते; यकृत बाहेर असलेल्या मोठ्या पिशवीत ती तुलनेने कमी. मोठ्या पिशवीचा त्रास वेगळा असतो. पोट लहान राहतं आणि फुप्फुसं अनेकदा नीट वाढत नाहीत. म्हणजे ‘लहानच आहे’ हे ऐकून तपासणी टाळू नका, आणि ‘फार मोठी आहे’ हे ऐकून आशा सोडू नका.

चौथा प्रश्न कॅन्ट्रेलसाठी फार महत्त्वाचा: दोष बेंबीच्या बराच वर, छातीकडे सरकलेला आहे का? तसा असेल, तर स्कॅन करणाऱ्यांना हृदयाच्या टोकाची दिशा, हृदयाभोवती पाणी आणि उरोस्थीचा खालचा भाग मुद्दाम पाहायला सांगा. हृदय किंचितच पुढे आलेलं असेल तर साध्या स्कॅनमध्ये ते सहज सुटतं.

पायरी ३: पुढच्या तपासण्या

फीटल इको, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, ही सगळ्यांत मोलाची. ती बहुधा अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात, बालहृदयरोगतज्ज्ञांकडून करून घ्यायची. कॅन्ट्रेलमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, म्हणजे व्हीएसडी, अगदी नेहमी सापडतं. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र, फॅलॉट्स टेट्रॅलॉजी (हृदयातल्या चार दोषांचा एकत्र संच) आणि डाव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला फुग्यासारखी निघालेली पिशवी हेही दिसतात. या पिशवीला डायव्हर्टिक्युलम म्हणतात. ती कधी इतकी लांब असते की पार बेंबीपर्यंत पोचते, आणि जन्मानंतर बेंबीवर बोट ठेवलं की नाडीसारखा ठोका लागतो. अशी धडधडणारी गाठ बेंबीचा साधा हर्निया समजून कुणी उघडायला गेलं, तर ती थेट हृदयावरची सुरी ठरेल. इको झाल्याशिवाय तिला हात लावू द्यायचा नाही.

गुणसूत्रांची तपासणी ऑम्फॅलोसील आणि कॅन्ट्रेलमध्ये जवळपास नेहमीच सुचवली जाते. वारेचा अंश काढून ती दहाव्या आठवड्यानंतर होते, गर्भजल काढून पंधराव्या आठवड्यानंतर. १३ किंवा १८ क्रमांकाच्या गुणसूत्राची जादा प्रत सापडली तर सगळं गणितच बदलतं, म्हणून मोठे निर्णय घेण्याआधी हे उत्तर हातात असू द्या. ऑम्फॅलोसीलसोबत मोठी जीभ किंवा वाढलेले अवयव दिसले, तर बेकविथ-वीडमन सिंड्रोमबद्दल (शरीराची प्रमाणाबाहेर वाढ करणाऱ्या जनुकीय विकाराबद्दल) विचारा. नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत ते बरेचदा सापडत नाही, त्यासाठी मिथायलेशनची वेगळी चाचणी मागावी लागते. जन्मानंतर अशा बाळाची रक्तातली साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं.

गर्भाचा एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. पिशवी मोठी असेल किंवा हृदय बाहेर असेल, तर फुप्फुसांचं आकारमान मोजायला त्याचा उपयोग होतो. आईच्या रक्तातलं एएफपी हे गर्भाकडून येणारं प्रथिन बहुधा वाढलेलं असतं, पण तो फक्त इशारा. निदान स्कॅनवरूनच होतं.

पायरी ४: सगळ्या डॉक्टरांना एका टेबलाशी आणा

प्रसूतितज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, बालहृदयरोगतज्ज्ञ, हृदय शल्यचिकित्सक, नवजात शिशुतज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक: यांची वेगवेगळी मतं गोळा करत फिरणं फार थकवणारं असतं, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एकत्र बैठक मागा. ती देणारी मोठी रुग्णालयं असतात आणि ही मागणी अजिबात अवाजवी नाही. सोबत तिसरं एखादं शांत डोक्याचं माणूस न्या. त्याने फक्त लिहून घ्यायचं.

बैठकीत विचारा: ‘तुमच्या इथे अशी किती बाळं पाहिलीत? त्यांचं काय झालं? आमच्या बाळासारखीच रचना असलेलं त्यांत किती?’ पुस्तकातले आकडे जुन्या आणि नव्या, सौम्य आणि गंभीर केसेस एकत्र करून बनलेले असतात. तुमच्या बाळाला ते थेट लावता येत नाहीत.

काही गोष्टी मात्र स्पष्टच सांगायला हव्यात. हृदय मानेत असणारी बाळं जवळजवळ कधीच जगत नाहीत. छातीसमोर, त्वचेशिवाय, पूर्ण उघडं हृदय असलेल्यांचं जगणं फार अवघड असतं. अशा बाळावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९७५ मध्ये झाली, ती करणारे सी. एव्हरेट कूप पुढे अमेरिकेचे सर्जन जनरल झाले. छाती-पोटाच्या सीमेवर आणि त्वचेखाली किंवा आवरणाखाली असलेल्या हृदयाची शक्यता याहून चांगली असते, आणि आतला दोष साधा असेल तर आणखी चांगली.

यानंतर समोर तीन वाटा असतात. गर्भ पुढे ठेवून पूर्ण उपचार करायचे. गर्भ पुढे ठेवून जन्मानंतर बाळाला वेदना होऊ न देता, कुशीत घेऊन, फक्त आरामाची सेवा द्यायची. किंवा गर्भ थांबवायचा. कायद्याची मुदत देशागणिक वेगळी असते, म्हणून ती पहिल्याच भेटीत विचारून घ्या, नाहीतर अहवालांची वाट पाहताना एक वाट आपोआप बंद होते. यापैकी काय निवडायचं हे नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी किंवा मी सांगायची गोष्ट नाही. दुसरी वाट बऱ्याच ठिकाणी कुणी समोर ठेवतच नाही. ती तुम्ही स्वतः विचारा. ती निवडणारे आईवडील बाळासाठी काहीच करत नाहीत, असं मुळीच नसतं.

पायरी ५: उरलेले महिने आणि बाळंतपण

पुढच्या स्कॅनमध्ये बाळाची वाढ, गर्भजल, हृदयाचं काम आणि पिशवी शाबूत आहे का हे पाहिलं जातं. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये शेवटच्या महिन्यांत अचानक बाळ दगावण्याचा धोका थोडा वाढलेला असतो, म्हणून हालचाल मंदावली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ‘लवकर काढू, म्हणजे लवकर ऑपरेशन होईल’ हा विचार मोहात पाडतो, पण अपुऱ्या दिवसांची फुप्फुसं हा वेगळाच त्रास होऊन बसतो. वैद्यकीय कारण नसेल तर दिवस भरू द्यावेत.

सिझेरियन प्रत्येकालाच लागतं असं नाही. लहान ऑम्फॅलोसील आणि गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये नैसर्गिक प्रसूती सहसा चालते. पिशवी फार मोठी असेल, यकृत बाहेर असेल किंवा हृदय उघडं असेल, तर सिझेरियनकडे कल असतो. कुठल्या पद्धतीने यापेक्षा कुठे हे जास्त महत्त्वाचं: जन्म शक्यतो अशाच इमारतीत व्हावा, जिथे नवजात अतिदक्षता विभाग, बालशल्यचिकित्सक आणि हृदय शल्यचिकित्सक हाताशी आहेत. जन्मल्यावर रुग्णवाहिकेने हलवण्यापेक्षा आईच्या पोटातला प्रवास बाळासाठी केव्हाही सुरक्षित.

पायरी ६: पहिला तास

हा भाग आईवडिलांनी वाचावाच, पण लहान ठिकाणी प्रसूती करणाऱ्या परिचारिका आणि सुइणींनीही वाचावा, कारण काही दोष स्कॅनमध्ये न दिसता थेट जन्मालाच समोर येतात.

नाळेपासून सुरुवात करा. नाळेचं मूळ जाड, फुगीर दिसत असेल, तर चिमटा पोटाजवळ लावू नका. त्या फुगवट्यात आतड्याचा वेढा असू शकतो आणि चिमट्यात तो चिरडला जातो. उजेडासमोर धरून नीट पाहा, फुगवट्यापासून बरंच लांब बांधा.

बाहेर आलेला अवयव आत ढकलायचा नाही. हृदय असो, आतडी असोत, यकृत असो, हे पक्कं. हृदय दाबून आत सरकवलं तर त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या वाकतात आणि क्षणात रक्तदाब कोसळतो.

कोमट निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेलं, न चिकटणारं गॉज हलकेच ठेवायचं आणि त्यावर स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळायचं. नुसतं ओलं गॉज ठेवणं ही नेहमीची चूक. ते काही मिनिटांत गार होतं आणि बाळाची ऊब खेचून घेतं. प्लॅस्टिकमुळे ओल आणि ऊब दोन्ही टिकतात आणि आतल्या अवयवाचा रंगही दिसत राहतो. आतडी लालसर गुलाबी असावीत. काळपट पडू लागली तर वेढा पिळला गेला आहे असं समजून लगेच स्थिती बदलायची. गॅस्ट्रोस्कायसिसच्या बाळाला उजव्या कुशीवर ठेवलं की आतड्यांचा देठ छिद्राच्या कडेवर दुमडत नाही.

तोंडातून जठरात नळी घालून हवा आणि पाणी काढून घेत राहायचं. श्वासाला मदत लागली तर मास्क-बॅगने फार वेळ हवा भरू नये, कारण ती जठरात जाऊन आतडी फुगवते; गरज असेल तर लवकर श्वासनलिकेत नळी घालणं बरं. उघड्या आतड्यांतून पाणी भराभर कमी होतं, म्हणून शिरेतून द्रव आणि प्रतिजैविकं लगेच सुरू होतात. तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, मध-पाण्याचं बोटसुद्धा नाही.

बाळाला हलवायच्या आधी आईला एकदा दाखवा. निदान चेहरा, निदान एक हात. बाहेर आलेला अवयव झाकूनही बाळ दाखवता येतं, आणि आईच्या मनात पुढे तोच चेहरा राहतो.

पायरी ७: शस्त्रक्रिया, एक नव्हे अनेक

गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये आतडी सुजलेली असली तर एकदम आत मावत नाहीत. मग सायलो वापरतात. पारदर्शक सिलिकॉनची ही पिशवी आतड्यांवर बसवून काचपेटीच्या छताला उभी टांगलेली असते. दररोज थोडी थोडी वरून आवळत जातात आणि आतडी स्वतःच्या वजनाने हळूहळू पोटात उतरतात. पहिल्या दिवशी ती पाहवत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आईवडील स्वतःच पट्टीवरची खूण पाहून विचारतात, ‘आज किती खाली आलं?’ बहुधा आठवड्याभरात पोट बंद करता येतं.

मोठ्या ऑम्फॅलोसीलमध्ये घाई महागात पडते. लहान पोटात सगळं एकदम कोंबलं तर आतला दाब वाढतो, श्वासपटल वर ढकललं जातं, मूत्रपिंडांना रक्त पोचत नाही. म्हणून परिचारिका डायपरचं वजन करून लघवी मोजत असतात, पायांचा रंग बघत असतात, व्हेंटिलेटरचा दाब टिपत असतात. हे आकडे तुम्हीही विचारा. बऱ्याच वेळा शल्यचिकित्सक आवरण तसंच ठेवून त्यावर औषध लावत राहतात. सुरुवातीला ते ओलं, चकचकीत, आरपार दिसणारं असतं. काही दिवसांत काळपट, चामड्यासारखं कडक होतं, आणि मग कडांकडून नवी त्वचा आत आत सरकत येते. याला आठवडे नाही, महिने लागतात. उरलेला हर्निया वर्षा-दोन वर्षांनी, पोट वाढल्यावर दुरुस्त करतात. औषध आयोडीनचं असेल, तर थायरॉइडची तपासणी मधूनमधून होतेय ना, हे विचारा. पातळ आवरणातून आयोडीन शरीरात शोषलं जातं.

कॅन्ट्रेल आणि एक्टोपिया कॉर्डिसमध्ये क्रम साधारण असा असतो. आधी हृदयावर त्वचेचं किंवा कृत्रिम पडद्याचं छत्र. मग हृदयाच्या आतला दोष, त्याच वेळी किंवा बाळ थोडं मोठं झाल्यावर. श्वासपटलाचं छिद्र टाके घालून किंवा पॅच लावून. शेवटी छातीचं हाड. हृदय आत सरकवणं हा सर्वांत अवघड टप्पा, कारण त्याच्यासाठी छातीत जागाच तयार झालेली नसते. शल्यचिकित्सक त्याला थोडं हलवून, रक्तदाब पाहून, परत सोडून, जितकं सोसतं तितकंच आत घेतात. कधी त्याला अर्धवट पुढेच ठेवून वर छत्र उभारणं शहाणपणाचं असतं. ‘ऑपरेशन झालं पण हृदय अजून पुढेच आहे’ असं ऐकलं तर ते अपयश समजू नका.

फक्त उरोस्थीची फट असेल तर उलटा सल्ला: पहिल्या काही आठवड्यांतच दुरुस्त करून घ्यावी. त्या वयात छाती इतकी लवचीक असते की दोन्ही कडा जवळ ओढून थेट शिवता येतात. पुढे हाडं कडक झाली की बरगडीचा तुकडा किंवा कृत्रिम साहित्य लागतं.

पायरी ८: अतिदक्षता विभागातले दिवस

दूध काढायला जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करा आणि दिवसाला आठेक वेळा काढा, बाळ पीत नसलं तरी. सुरुवातीला पोषण शिरेतूनच जातं, पण आतडी चालू झाली की आईचं दूध सर्वांत सोसतं. नळीने दूध घेणारी बाळं तोंडाने प्यायचं विसरतात किंवा टाळतात, म्हणून तोंडाला चोखण्याची सवय राहील असं काहीतरी सुरू ठेवायला सांगा.

श्वासाचं यंत्र लवकर निघत नाही, म्हणून खचू नका. मोठ्या पिशवीच्या बाळांना महिनोन्महिने मदत लागू शकते, कारण फुप्फुसं जन्मानंतरच मोठी होत जातात. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला आहे का, हे इकोवर पुन्हा पुन्हा पाहिलं जातं. तो आकडाही तुमच्या कागदावर असू द्या.

पायरी ९: घरी नेण्याआधी शिकून घ्यायच्या गोष्टी

हृदयावर हाड नसेल तर छातीवर बांधायचं मापाचं प्लॅस्टिकचं कवच बनवून घ्या. बाळाला झोळीत किंवा पट्ट्यांच्या पिशवीत छातीशी बांधू नका, पालथं झोपवायचं का हे विचारा, आणि प्रवासात कारच्या खुर्चीचा पट्टा नेमका कुठून जातो ते रुग्णालयातच बसवून पाहा. भावंडांना, पाहुण्यांना दाखवून ठेवा: ‘इथे हात ठेवायचा नाही.’

बाळाचा श्वास थांबला तर काय करायचं, हे या बाळाच्या छातीसाठी वेगळं शिकावं लागतं. सर्वसाधारण प्रशिक्षणात उरोस्थीवर दाब द्यायला शिकवतात. तुमच्या बाळाची उरोस्थीच नसेल, तर तुमच्या शल्यचिकित्सकांनी बाहुलीवर जागा दाखवून, तुमच्याकडून करून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

ओठ निळे पडणं, दूध पिताना घाम येणं, श्वास भराभर चालणं, वजन न वाढणं हे हृदयाचे इशारे. जखमेतून पाणी किंवा ताप हा संसर्गाचा. आणि हिरवी उलटी: दूध पिऊन दही टाकणं वेगळं, पण हिरवी म्हणजे पित्ताची उलटी झाली की रात्र असो, सण असो, थेट रुग्णालय गाठायचं. या दोषांत आतडी गर्भात नेहमीसारखी वळून बसलेली नसतात, त्यामुळे त्यांना पीळ पडू शकतो, आणि पीळ पडलेलं आतडं काही तासांत मरतं.

लसी चुकवू नका. आरएसव्ही या श्वासाच्या विषाणूपासून संरक्षण देणारं इंजेक्शन अशा बाळांना सुचवलं जातं का, ते विचारा. दात आल्यावर दंतवैद्याला हृदयाची फाइल आधी दाखवा. काही हृदयदोषांत आणि कृत्रिम पॅच बसवल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत दातांच्या उपचाराआधी प्रतिजैविकाचा डोस लागतो.

पायरी १०: पुढची वर्षं

पुढच्या बाळाचा प्रश्न आईवडील फार हळू आवाजात विचारतात. यातले बहुतेक दोष एकटेदुकटे घडतात आणि पुन्हा होण्याची शक्यता कमी असते. पण गुणसूत्रांत किंवा जनुकांत काही सापडलं असेल तर ते गणित वेगळं, म्हणून दिवस जाण्याआधीच समुपदेशकांना भेटा. फॉलिक अॅसिड घ्या. मज्जारज्जूच्या दोषांसाठी त्याचा फायदा सिद्ध आहे, या दोषांसाठी तसा पुरावा नाही, हेही माहीत असू द्या. बाराव्या-तेराव्या आठवड्यात नीट स्कॅन आणि पुढे फीटल इको आवर्जून मागा.

मूल मोठं होतं, पोटावर आडवा व्रण असतो, कधी बेंबीच नसते. ती हवी असेल तर शस्त्रक्रियेने तयार करता येते. तो निर्णय मुलावर सोडा. शाळेला हृदयाबद्दल लेखी कळवा: कोणते खेळ चालतील, कोणते नाहीत. छातीवर आदळण्याचा धोका असलेले खेळ हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच.

शस्त्रक्रियेच्या नोंदींची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम जवळ ठेवा आणि मूल शहाणं झालं की त्याच्या हाती द्या. त्यात एक ओळ ठळक करून ठेवा: अपेंडिक्स काढलं आहे की नाही, आणि काढलं नसेल तर ते पोटात कुठे आहे. वळून न बसलेल्या आतड्यांमध्ये ते डावीकडे किंवा वर यकृताखाली असू शकतं. वीस वर्षांनी एखाद्या रात्री डाव्या बाजूला पोट दुखू लागलं, तर तपासणाऱ्या अनोळखी डॉक्टरला ही एक ओळ दाखवता आली पाहिजे.